छोटी गाडी गेली, स्टेशनचा हिशेब बाकी आहे

२५ नोव्हेंबर २०१९ रोजी नागपूर–नागभीड छोटी लाईन बंद झाली. १९०८ साली सुरू झालेली गाडी एकशे अकरा वर्षे धावली आणि थांबली. छोट्या रुळांच्या जागी रुंद रूळ टाकण्याचे काम महारेलने, म्हणजे राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालय यांच्या भागीदारीतल्या कंपनीने, हाती घेतले. इतवारीहून निघालेली गाडी कुही, उमरेड, भिवापूर, पवनी रोड करीत नागभीडला जायची. या रांगेतली छोट्या रुळांची स्टेशने त्या दिवसापासून ‘जुनी’ झाली. आणि सरकारी दप्तरात ‘जुने’ या शब्दाच्या पुढचा शब्द ठरलेला असतो. तो शब्द भंगार.

भावांनो, मायबहिणींनो, आमचे म्हणणे सरळ आहे. उमरेडच्या जुन्या स्टेशनच्या आवारात छोट्या गाडीच्या काळातले जे जे उरले आहे, ते भंगारात जाऊ देऊ नये. ते जपावे. शोभेसाठी नव्हे. त्या आवारात आपल्या तीन-चार पिढ्यांचा हिशेब आहे म्हणून जपावे, आणि जपून पुन्हा शेतकऱ्याच्या कामाला लावावे.

विषय आपला कसा?

हे वाचून कोणी म्हणेल, कापसाच्या भावाचे काय ते बोला, ज्वारीला गिऱ्हाईक कोठून आणायचे ते सांगा. पडक्या भिंती आणि गंजलेले रूळ हे शहरातल्या हौशी लोकांचे विषय. जिल्हा बैठकीच्या पत्रकात त्यांची जागा कशाला अडवता?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की स्टेशन हे शेतकऱ्याचे देवडी-दार होते. गावातला माल त्या दारातून बाहेर गेला आणि बाहेरचा भाव त्याच दारातून आत आला. कापूस येथून गेला, कापड येथून आले. दुष्काळात धान्य येथून आले आणि सुगीत धान्य येथूनच गेले. तेव्हा आपण का श्रीमंत झालो नाही, हा प्रश्न ज्याला पडतो, त्याने या दारातून काय आत आले आणि काय बाहेर गेले ते मोजले पाहिजे. ज्याच्या घराचे दार दुसरा कोणी उखडून नेतो, त्याने निदान चौकशी तरी करावी की नाही?

राजवाडे जपले जातात, किल्ले जपले जातात, देवळे जपली जातात. जपावीतच. पण ज्या ठिकाणी शेतकऱ्याचा माल तोलला गेला, चढवला गेला, अडला गेला, अशी एक तरी जागा या मुलखात जपलेली दिसते काय? जिन पडले, दमणीचे तळ बुजले, बाजाराचे जुने ओटे गेले. आता स्टेशनची पाळी आली आहे.

रूळ कशासाठी आले

मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. त्याआधी काही वर्षे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. १८६१ ते १८६५ या काळात तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळली. हिंगणघाटच्या बनी कापसाचे नाव तेव्हाच सातासमुद्रापार गेले. रेल्वे कापसाच्या मागे मागे आली, हे कोणी लपवलेही नाही.

नागपूरच्या पूर्वेला पहिली लाईन १८८० च्या सुमारास छत्तीसगडकडे गेली. पुढे १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि ती लाईन तिच्याकडे आली. कंपनीचे भांडवल विलायतेतले, मुख्य कचेरी कलकत्त्याला गार्डनरीचला, आणि भागधारकांच्या व्याजाला सरकारची हमी. धंद्यात खोट आली तर भरपाई सरकारी तिजोरीतून व्हायची. त्या तिजोरीत सारा कोण भरत होते? म्हणजे रेल्वेचा नफा कंपनीचा आणि खोट शेतकऱ्याची, असा तो करार होता. आपल्या पिकाला अशी हमी कोणी दिली नाही.

दुसरे कारण दुष्काळाचे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० साली अहवाल दिला आणि रेल्वेचे जाळे वाढवायला सांगितले. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर लागोपाठ कोसळले. त्यानंतर छोट्या रुळांचे काम वेगात झाले. गोंदिया–जबलपूर लाईन १९०५ पर्यंत पुरी झाली आणि १९०८ साली नागपूर–नागभीड लाईन उघडली. उमरेडला गाडी आली ती अशी.

दुष्काळात रेल्वेने धान्य आणले, माणसे वाचवली, हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रेल्वे येण्याआधी कोरडवाहू मुलखातला शेतकरी दुष्काळाची तरतूद कशी करायचा? पेवात. जमिनीत खोदलेले, आतून शेणामातीने लिंपलेले, कडब्याने आणि भुशाने गादी केलेले ते कोठार आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चांगल्या सालची ज्वारी पेवात जायची आणि वाईट सालाला बाहेर निघायची. रूळ आल्यावर चांगल्या सालची ज्वारी बाजारात जाऊ लागली, कारण सारा रोखीत भरायचा आणि सावकाराची मुदत सुगीलाच यायची. ज्वारीचे वावर कापसाखाली जाऊ लागले, कारण रोख पैसा कापूस देतो. पेव रिकामे झाले. मग दुष्काळ आला की धान्य गाडीने येऊ शकत होते, पण ते विकत घ्यायला हातात पैसा नव्हता. पूर्वी दुष्काळात धान्य नसायचे. रेल्वेनंतर धान्य बाजारात दिसायचे आणि घरात नसायचे.

आम्ही रेल्वेला दोष देत नाही. रूळ लोखंडाचे असतात, त्यांना धोरण नसते. धोरण दर ठरवणाऱ्याचे असते. पण ही गोष्ट कोणत्या स्टेशनच्या भिंतीवर लिहिलेली तुम्ही पाहिली आहे?

उमरेडचीच आणखी एक बाजू आहे. हे गाव रेशीमकाठी सुती कापडाच्या हातमागासाठी नावाजलेले होते. गावचा कोष्टी आसपासच्या बाजारात आपले कापड विकत होता. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ सालीच सुरू झाली होती आणि विलायती कापड तर त्याआधीपासून येत होते. छोट्या गाडीने गिरणीच्या कापडाला तालुक्याच्या दारापर्यंत वाट करून दिली. ज्या डब्यातून सरकी काढलेला कापूस जातो, त्याच डब्यातून तयार धोतर परत येते, आणि मधली मजुरी गावात राहत नाही. कच्चा माल स्वस्तात द्यायचा आणि पक्का माल महाग घ्यायचा, हे आपण बैठकीत नेहमी बोलतो. ते पुस्तकातले तत्त्व नाही. ते उमरेडच्या फलाटावर घडलेले आहे.

अडीच फुटांचा न्याय

आता रुळांच्या मापाकडे येऊ. मोठ्या लाईनीच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. उमरेडच्या लाईनीचे ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. बांधायला खर्च कमी, पूल हलके, वळणे घेणे सोपे. गरीब मुलखाला स्वस्तातली गाडी द्यायची, असा तो विचार.

शेतकऱ्याला याचा अर्थ लगेच कळतो. तिफणीच्या फणांतले अंतर एकदा ठरले की डवराही त्याच मापाचा लागतो. शेजाऱ्याची तिफण वेगळ्या मापाची असेल तर त्याचा डवरा तुमच्या पिकात घालता येत नाही, घातला तर तासच मोडतो. रेल्वेचेही तसेच. छोट्या लाईनीचा डबा मोठ्या लाईनीवर जात नाही. उमरेडहून निघालेले पोते किंवा गाठ नागपूरला छोट्या डब्यातून उतरवायची आणि मोठ्या डब्यात चढवायची. दोनदा हमाली, दोनदा फाटतूट, दोनदा गळती, आणि डबा मिळेपर्यंत उन्हापावसात पडून राहणे. मुंबईच्या बाजारातल्या भावातून हा सगळा खर्च वजा होऊन जे उरेल ते शेतकऱ्याचे. रूळ अरुंद, म्हणून त्याचा भावही अरुंद.

पुढे गोंदिया–नागभीड–चांदाफोर्ट ही लाईन १९९० च्या दशकात रुंद झाली. मग उमरेडची लाईन दोन्ही टोकांना तुटली. इतवारीला माप बदलायचे, नागभीडलाही माप बदलायचे. मधली लाईन बेटासारखी राहिली. मालाने कधीच ट्रक धरला होता, कारण ट्रक खळ्यापर्यंत येतो आणि मध्ये उतरावे लागत नाही. राहिली ती माणसे. भाजीची टोपली घेऊन इतवारीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया, दूधवाले, शाळा-कॉलेजची पोरे, मजूर. ज्यांना एसटीचे भाडे जड जाते, त्यांची ती गाडी होती. तिच्या संथपणाची थट्टा सगळ्यांनी केली. पण ती वेगात का जात नव्हती, हे विचारायला कोणी गेले नाही.

याच उमरेडला रुंद रूळ येऊ शकत नव्हते काय? येऊ शकत होते, आणि आलेही होते. उमरेडच्या खाणींतला कोळसा नेण्यासाठी बुटीबोरीहून रुंद लाईन आली. म्हणजे कोळशासाठी साडेपाच फूट आणि कास्तकारासाठी अडीच फूट, असा कारभार एकाच गावात वर्षानुवर्षे चालला. वीजकेंद्राला कोळसा लागतो, त्याला विरोध नाही. पण ज्याच्या मालाची सरकारला गरज, त्याच्यापर्यंत रूळ आपोआप पोचतात आणि ज्याला स्वतःच्या मालासाठी रूळ हवे, त्याला एकशे अकरा वर्षे थांबावे लागते, हे उमरेडला उभे राहून शिकता येते. असा धडा देणारी जागा पुसून टाकायची नसते.

वारसा कोणाचा मानतात

देशातल्या तीन डोंगरी गाड्या जागतिक वारसा म्हणून मान्य झाल्या आहेत. दार्जिलिंगची १९९९ साली, निलगिरीची २००५ साली, कालका–शिमला २००८ साली. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ साली त्या यादीत आले. आम्हाला त्याचा आनंदच आहे.

पण जरा बारकाईने पाहा. कालका–शिमला गाडीचे रूळ किती फुटांचे? तेच अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. ती गाडी सुरू झाली १९०३ साली, आपली १९०८ साली. माप एक, काळ एक. फरक इतकाच की ती गाडी उन्हाळ्यात साहेबाला आणि त्याच्या कचेरीला थंड हवेत नेत होती आणि आपली गाडी भर उन्हात कुही-उमरेडच्या माणसांना बाजाराला नेत होती. २००८ साली शिमल्याची गाडी जागतिक वारसा झाली. त्याच साली आपल्या लाईनीला शंभर वर्षे पुरी झाली. त्या यादीत आपले नाव नव्हते. अकरा वर्षांनी ती बंद झाली.

आपल्या शेजारचे शकुंतलेचे उदाहरण तुम्हाला माहीत आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही लाईन खास कापसासाठी झाली. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावत होते. स्वातंत्र्य मिळाले, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी शकुंतलेची मालकी इंग्रजी अमदानीतल्या खासगी कंपनीकडेच राहिली आणि गाडी मात्र सरकारी रेल्वे चालवीत राहिली. वर्धा जिल्ह्यात पुलगाव–आर्वी ही कापसाची लहान लाईन होती, तिचीही शिट्टी बंद झाली. नागपूर–छिंदवाडा छोटी लाईन २०१५ साली बंद झाली. कापूस-ज्वारीच्या मुलखातल्या छोट्या गाड्या एकामागून एक गेल्या. त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांत हळहळ छापून येते, ‘आठवणींची गाडी’ म्हणून चित्रे येतात. हळहळीने भिंत टिकत नाही.

एम्प्रेस मिलचे काय झाले तेही ध्यानात ठेवा. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ साली बंद पडली. तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. सव्वाशे वर्षे विदर्भाचा कापूस जिथे सूत झाला, तिथे आज आपल्या पोराला काय दाखवता येते? कापसाच्या हिशेबाचे एक मोठे पान तसे गेले. उमरेडचे पान लहान आहे, म्हणून ते वाचवणे आपल्या आवाक्यातले आहे.

जपणे म्हणजे काय नव्हे

येथे एक खुलासा केला पाहिजे. रुंद रुळांना आमचा विरोध नाही. उलट आम्ही म्हणतो, ते पन्नास वर्षे आधी यायला हवे होते. छोटी गाडी पुन्हा सुरू करा, अशीही आमची मागणी नाही. गरिबाने संथ गाडीत बसावे आणि शहरातल्या माणसाने तिचे फोटो काढावे, असला वारसा आम्हाला नको.

दुसरे, एखादे इंजिन रंगवून बागेत उभे करायचे, त्याभोवती साखळी लावायची आणि वारसा जपला म्हणायचे, हेही पुरेसे नाही. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजी ते उघडले. तेथे छोटी इंजिने आणि डबे नीट जपले आहेत. पोराबाळांना घेऊन जरूर जाऊन या. पण इंजिन कसे चालत होते हे तेथे समजते. ते इंजिन कोणाच्या मालावर चालत होते, भाडे काय होते, डबा कोणाला आधी मिळत होता आणि कोणाला थांबावे लागत होते, हे समजायला स्टेशन लागते. इंजिन हलवता येते, स्टेशन हलवता येत नाही. ते ज्या गावात आहे तेथेच त्याचा अर्थ आहे.

स्टेशन म्हणजे एकटी इमारतही नव्हे. तिकीट खिडकी, फलाट, मालधक्का, वजनकाटा, पाण्याची टाकी आणि विहीर, सिग्नल, फाटकाची चौकी, नावाचा फलक, आवारातली जुनी झाडे, हे सगळे मिळून स्टेशन होते. आणि सर्वांत मोलाचे म्हणजे कागद. बुकिंगच्या वह्या, मालाच्या बिल्ट्या, दरपत्रके, नकाशे, तक्रारवह्या. भिंत पडली तर पुन्हा बांधता येते, वही रद्दीत गेली की गेली. कंपनीची रेल्वे १९४४ साली सरकारने घेतली. मग ती १९५२ साली पूर्व रेल्वे झाली, १९५५ साली दक्षिण-पूर्व रेल्वे आणि २००३ साली दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वे. कचेऱ्या बदलल्या, पाट्या बदलल्या. एवढ्या वाटण्यांत घराची कागदपत्रे कशी हरवतात, हे सातबाऱ्यासाठी चकरा मारणाऱ्याला सांगायला नको.

पैसा आणि माणसे कोठून

कोणी म्हणेल, असल्या कामाला पैसा कोण देणार? इंग्लंडमध्ये १९६३ साली बीचिंग नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल आला. त्यात २३६३ स्टेशने बंद करण्याची शिफारस होती. तोट्याचा हिशेब दाखवून खेड्यापाड्यांच्या लाईनी बंद झाल्या. त्याच देशात वेल्समध्ये टॅलिलिन नावाची लहान लाईन आहे. दगडी पाट्यांच्या खाणीसाठी १८६० च्या दशकात ती बांधली होती. मालक वारल्यावर ती बंद पडणार असे दिसले, तेव्हा सामान्य लोक पुढे आले. वर्गणी काढली, सुटीच्या दिवशी स्वतः रूळ दुरुस्त केले आणि १९५१ सालापासून लाईन चालवायला घेतली. सरकारने आधी काही दिले म्हणून नव्हे, लोकांनी धरून ठेवले म्हणून ती राहिली.

आपल्याला गाडी चालवायची नाही. चार भिंती, एक धक्का आणि काही कागद राखायचे आहेत. ज्या गावात लोकवर्गणीतून देऊळ उभे राहते, तेथे हे अशक्य आहे असे आम्हाला वाटत नाही. मात्र जमीन रेल्वेची आहे. म्हणून रेल्वेची परवानगी, नगर परिषदेचा ठराव आणि लोकांची मेहनत, या तिन्ही गोष्टी लागतील. तिसरी आपल्या हाती आहे. ती दिसली की पहिल्या दोन मागता येतात.

आमच्या मागण्या

पहिली मागणी पंचनाम्याची. गारपीट झाली की आपण पंचनामा मागतो. तसाच उमरेडच्या जुन्या स्टेशनचा आणि लाईनीवरच्या इतर लहान स्टेशनांचा पंचनामा व्हावा. काय उभे आहे, काय पडले आहे, काय नेले गेले आहे, याची मोजमापासह आणि छायाचित्रांसह नोंद व्हावी. पंचनाम्यात रेल्वेचा माणूस, नगर परिषदेचा माणूस आणि शेतकऱ्यांचा प्रतिनिधी असावा. तोवर जुन्या सामानाचा लिलाव करू नये. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. जुन्या स्टेशनच्या सामानाची यादी आणि लिलावाची कागदपत्रे मागणारा अर्ज प्रत्येक तालुका शाखेने करावा.

दुसरी मागणी कागदांची. या लाईनीच्या मालवाहतुकीच्या जुन्या वह्या, दरपत्रके आणि नकाशे रेल्वेने शोधून एकत्र करावेत आणि त्यांच्या प्रती उमरेडच्या वाचनालयात ठेवाव्यात. कोणत्या साली येथून किती कापूस गेला, किती धान्य गेले, किती आले, हे आपल्या पोरांना वाचता आले पाहिजे.

तिसरी मागणी नोंदीची. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा होतो. त्यात जपण्याजोग्या वास्तू दाखवता येतात. उमरेड नगर परिषदेने जुन्या स्टेशनचे आवार तसे दाखवावे आणि रेल्वेला तसे लेखी कळवावे. राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याखाली पुरातत्त्व खात्यानेही जागेची पाहणी करावी.

चौथी मागणी वापराची. रिकामी इमारत आधी जुगाराचा अड्डा होते आणि मग पडते. म्हणून जुन्या इमारतीत बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्याला, विशेषतः बायांना, बसायला जागा, पिण्याचे पाणी आणि संडास असावा. रोजच्या भावाचा फलक असावा. खरा वजनकाटा असावा, ज्यावर कोणीही आपला माल फुकट तोलून पाहील. एका खोलीत या लाईनीचा इतिहास मांडावा. त्यात पेव असावे, तिफण असावी, उमरेडचा हातमाग असावा आणि भिवापूरची मिरचीही असावी.

पाचवी मागणी सर्वांत महत्त्वाची. रुंद रूळ आल्यावर उमरेड आणि भिवापूरला मालधक्का असलाच पाहिजे, आणि लहान शेतकऱ्याचा थोडा माल तेथे घेतला गेला पाहिजे. पुरी मालगाडी भरेल एवढा माल एका शेतकऱ्याकडे नसतो. म्हणून ‘पुरी गाडी भरा’ असे म्हणणे म्हणजे ‘व्यापाऱ्याला द्या’ असे म्हणणे. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारकडे पहिली किसान रेल निघाली. तिच्यात वाटेतल्या स्टेशनांवर थोडा थोडा माल घेतला गेला. म्हणजे मनात आणले तर रेल्वेला ते जमते. जे फळे-भाजीला जमले ते कापूस, तूर, मिरचीला का जमू नये? नव्या लाईनीवर गाड्या सुसाट जातील आणि उमरेडचा माल फलाटावरून नुसता पाहत राहील, असे झाले तर जुन्या अडीच फुटांचा अन्याय नव्या साडेपाच फुटांवर चालू राहील. जुने स्टेशन जपण्यात आम्हाला रस आहे तो याचसाठी. जुना हिशेब समोर असेल तर नव्यात फसवणूक करणे अवघड जाते.

बैठकीत काय करायचे

येत्या जिल्हा बैठकीत या पाच मागण्यांचा ठराव मांडला जाईल. येताना रिकाम्या हाताने येऊ नका. घरात जुने तिकीट, बिल्टी, पट्टी, रेल्वेच्या कामाची पावती, लाईनीचे किंवा स्टेशनचे छायाचित्र असेल तर आणा. त्याची प्रत काढून मूळ कागद तुमचा तुम्हाला परत मिळेल. ज्या घरात छोट्या गाडीने माल नेलेले, रुळांवर गँगमध्ये राबलेले, फाटक सांभाळलेले म्हातारे माणूस आहे, त्यांनी त्यांच्याजवळ बसून दोन पाने लिहून आणावीत. कोणता माल, कोणत्या साली, काय भाडे, काय भाव, एवढे विचारले तरी पुरे. भाषा शुद्ध नसली तरी चालेल, आकडा आठवतो तसा लिहा. मायबहिणींनी टोपली घेऊन इतवारीला जाण्याचा हिशेब जरूर सांगावा, कारण तो कोणत्याही वहीत सापडणार नाही.

उमरेड, कुही आणि भिवापूर या तीन तालुक्यांच्या शाखांनी बैठकीच्या आधी एक दिवस ठरवून आपापल्या जुन्या स्टेशनवर जावे आणि जे दिसेल त्याची यादी करावी. सरकारी पंचनामा होईल तेव्हा होईल. आपला पंचनामा आपण आधी करू, आणि तो ठरावाला जोडूनच रेल्वेकडे आणि नगर परिषदेकडे पाठवू.